रिकामे फुगे

“हे काय टाकलंयस गं सकाळी सकाळी?”

इम्रानचा फोन आला तेव्हा मी एका नगरसेवकाच्या गालावरचे खड्डे बुजवत होते. त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स दुपारच्या आत चौकात लागायचा होता आणि नगरसेवक स्वतः माझ्या खुर्चीमागे उभे राहून “अजून जरा उजळ” म्हणत होते.

“पान टाकलंय,” मी म्हणाले.

“कसलं पान? जोक कुठाय?”

“तू तापानं फणफणलायस. जोक कोण लिहिणार? नऊ वाजता काहीतरी जायला पाहिजे होतं, गेलं.”

“अगं, पण फुगे रिकामे आहेत!”

“ते रिकामेच आहेत.”

तो खोकला. मग म्हणाला, “खाली लोकांनी काय चालवलंय बघितलंस?”

मी बघितलं नव्हतं. नगरसेवकांचे खड्डे मोठे होते.

इचलकरंजीत, छापखान्याच्या गल्लीतल्या त्या फ्लेक्सच्या दुकानात मी तेव्हा कामाला होते. इम्रान मुजावर दोन गल्ल्या पलीकडे मोबाइल दुरुस्त करायचा. आम्ही एका शाळेतले. तीन वर्षं आम्ही दोघं मिळून ‘रेंज नाय’ नावाची चित्रमालिका इंटरनेटवर चालवत होतो. तो लिहायचा, मी काढायची. रोज सकाळी नऊला एक पट्टी. रविवारीसुद्धा. तीन वर्षांत एकही दिवस चुकला नव्हता आणि त्याचा मला आमच्या कुठल्याही विनोदापेक्षा जास्त अभिमान होता.

पट्टीत दोन पोरं होती, डब्या आणि झाकण. दोघं दिवसभर मोबाइलवर ‘रणकल्लोळ’ खेळायची. त्या काळात आमच्या भागात हा खेळ न खेळणारं पोर शोधून सापडलं नसतं. डब्या शंभर जणांत शेवटचा उरतो, समोर एकच शत्रू, आणि तेवढ्यात आई त्याला दळण आणायला पाठवते. गिरणीत रांगेत पुढे उभा असलेला पोरगा पिशवी सावरत विचारतो, “तूच काय तो, झाडामागं लपलेला?” असले आमचे विनोद. लोक ते एकमेकांना पाठवायचे, कोल्हापुरातली पोरं त्यांचे टी-शर्ट घालायची. इम्रान हे विनोद झोपेतही लिहू शकायचा. मी ते झोपेत काढायला लागले होते, आणि तेच मला खुपत होतं.

त्या सकाळी माझ्याकडे शिल्लक पट्टी नव्हती. तयार होतं ते एकच पान, माझ्या स्वतःच्या एका गोष्टीचं पहिलं. कित्येक महिने मी ते दुरुस्त करत होते.

पानावर यंत्रमागाचा कारखाना होता. भिंतीकडेला कांडी मशीन आणि त्यापुढे दोन बायका बसलेल्या. एक माझी आई, शालन. दुसरी इम्रानची मावशी, नुरीखाला. दोघींनी तांबवे मळ्यातल्या एका कारखान्यात कित्येक वर्षं एकत्र कांड्या भरल्या. कांडी म्हणजे मागावर आडवा धावणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची भरलेली नळी. ती संपली की माग थांबतो. माग चालू असताना आत कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं ओठांवरून बोलतात. आवाज काढायचाच नाही, फक्त ओठ नीट हलवायचे. मळ्यातल्या पोरांना हे शिकवावं लागत नाही. मला येतं, इम्रानला येतं. शाळेत परीक्षेच्या वेळी त्याचा आम्हाला फार उपयोग झाला.

तर पानावर नऊ चौकटी. या दोघी बोलतायत, मधे मागच्या बाजूला त्यांच्याकडे पाठ करून, हात पाठीशी बांधून मालक उभा. बायकांच्या तोंडून निघालेले बोलायचे फुगे पूर्ण पांढरे. आवाजच नाही तर फुग्यात अक्षरं कशी येतील, असा माझा विचार. त्या काय बोलतायत ते मी फुग्यांत नाही, ओठांत काढलं होतं. एकेक ओठ आरशासमोर बसून, शब्द उच्चारून, तपासून.

इम्रानला हे पान मी पूर्वी दाखवलं होतं. तो म्हणाला होता, “चांगलं आहे. काय बोलतायत?”

“बघ की.”

त्यानं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. “बारीक आहे गं. मालकाला शिव्या देत असतील.” आणि मग हसून, “पण यात माझं काम काय? फुगे रिकामे, मी घरी.”

तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं होतं.

नगरसेवक उजळ होऊन गेल्यावर मी फोन उघडला. लोकांना वाटलं होतं की आम्ही फुगे मुद्दाम त्यांच्यासाठी मोकळे सोडलेत. एकानं सुरुवात केली आणि मग लोंढा लागला. आईच्या तोंडी कुणी घातलं होतं, “वाचव गं, रक्त कमी झालंय!” आणि नुरीखालाच्या तोंडी, “आधी मेथी निवड.” दुसऱ्या एकात आई विचारत होती, “गोळ्या आहेत का?” आणि खाला, “बीपीच्या आहेत.” मागचा मालक सगळ्यांनी एकमतानं खेळातला शेवटचा बॉस ठरवला होता. संध्याकाळपर्यंत डब्या-झाकणच्या कुठल्याही पट्टीपेक्षा हे पान जास्त फिरलं. लोक त्यांना ‘काकू’ म्हणायला लागले. नुसतंच ‘काकू’. दोघींना मिळून एकच नाव.

मी घरी गेले तेव्हा आईच्या हातात फोन होता. माझ्या मावसभावानं तिला त्यातले दहा-बारा विनोद पाठवले होते.

“वैजे, ही मी हाय काय गं?”

“हो.”

“नाक बरोबर काढलंयस. नुरीची वेणी पण.” तिनं एक वाचलं आणि खुदकन हसली. “‘बीपीच्या आहेत’ म्हणे. मेले!” पुढचं वाचलं, पुन्हा हसली. मग चष्मा काढून पदरानं पुसला. “पण आम्ही हे बोलत नव्हतो.”

“मला माहीत आहे.”

“मग तू सांगत का नाहीस त्यांना?”

ती उठून कुकर लावायला गेली. तिला राग आलेला नव्हता. राग मला आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. फुगे भरणाऱ्यांनी काही वाईट केलं नव्हतं. त्यातले बरेच विनोद आमच्यापेक्षा चांगले होते.

दोन-तीन दिवसांत तन्मय सबनीस आला. ‘रणकल्लोळ’ची स्पर्धा भरवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीचा हा माणूस. अंगात खेळाच्या नावाचं काळं जॅकेट, इचलकरंजीच्या उन्हात. इम्रान तापातून नुकता उठला होता. आम्ही तिघं मोबाइलच्या दुकानासमोर चहा घेत बसलो.

“तुम्ही दोघांनी काय करून ठेवलंय याची तुम्हाला कल्पना नाहीये,” सबनीस म्हणाला. “इतकी वर्षं आम्ही एक मराठी कॅरेक्टर शोधतोय. आणि तुम्ही सहज, म्हणजे अगदी सहज, काकू दिल्यात.”

“सहज नाही दिल्या,” मी म्हणाले.

“तेच म्हणतोय मी. कोल्हापूरला फायनल आहे. हजारभर पोरं हॉलमध्ये, बाकीची ऑनलाइन. वैजयंता, तुम्ही स्टेजवर मोठ्या स्क्रीनवर लाइव्ह काकू काढायच्या. पब्लिक वाक्यं ओरडणार, इम्रान त्यातलं बेस्ट निवडून फुग्यात घालणार. कार्यक्रम झाला की करार. काकू आपल्या गेममध्ये येणार. त्यांचे कपडे, त्यांचे डायलॉग, सगळं. फक्त एक छोटीशी गोष्ट.” त्यानं बोटानं स्वतःच्या डोक्याभोवती गोल काढला. “हेल्मेट.”

“कशाला?”

“अहो, युद्ध आहे ना. पदर असू द्या, वेणी असू द्या, कारखाना असू द्या. वर फक्त हेल्मेट.”

“आणि पुढची पानं?” मी विचारलं. “ही गोष्ट आहे. पुढं चाळीसेक पानं कच्ची काढून ठेवलीत.”

सबनीसनं इम्रानकडे बघितलं. “गोष्ट पण करू की. नंतर. आधी काकू लोकांच्या होऊ द्या.”

तो गेल्यावर इम्राननं चहाचे पेले उचलून टपरीवर ठेवले. परत येऊन माझ्याकडे न बघता म्हणाला, “मी हो म्हटलंय.”

“मला न विचारता?”

“तू मला विचारून टाकलं होतंस काय पान?”

ते खरं होतं.

“वैजू, ऐक. हे मोबाइलचे पडदे बदलून बदलून माझे डोळे गेलेत. तुला फ्लेक्स नकोय, मला हे दुकान नकोय. लोकांना तुझं चित्र आवडलंय. डब्या नाही, झाकण नाही, तुझं चित्र. आणि तूच तोंड वाकडं करतेस?”

“त्यांना चित्र नाही आवडलं. मोकळी जागा आवडली.”

“मग भर की जागा! त्या काय बोलतायत ते लिही, विषय संपला.”

“लिहिलंय.”

“कुठं?”

“बघायचंच नाही तर काय सांगू तुला?”

“हे बघ,” त्याचा आवाज चढला. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मान वर केली. “तुझ्या त्या थोर पुस्तकात एक ओळ नाही. चाळीस पानं, सगळी मुकी. मी तिथं काय करणार? तुझ्या पेन्सिलींना टोक? डब्या-झाकण आपल्या दोघांचं आहे. काकू तुझ्या एकटीच्या. निदान या स्टेजवर फुगा तरी माझा आहे.”

त्यानं हे हसत सांगितलं असतं तर मी भांडले असते. तो हसला नाही. मी म्हणाले, “येते मी कोल्हापूरला. काढते. पण आहेत तशा. हेल्मेट नाही.”

इम्राननं सबनीसला फोन लावून तसं कळवलं. सबनीस पलीकडून म्हणाला, “अरे हो हो, ते बघू आपण तिथे.”

हॉलमध्ये पाय ठेवला आणि छातीत दणका बसला. स्टेजच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर रचले होते आणि त्यांतून गोळीबार, ढोल आणि निवेदकाचं ओरडणं एकत्र येत होतं. समोर पोरंच पोरं, फोन वर धरलेली. जमीन हलत होती. माझ्याआधी ज्यांना स्टेजवर बोलावलं ते सगळे कानावर हात ठेवून एकमेकांच्या अंगावर ओरडत होते. मला मात्र त्या आवाजात विचित्र बरं वाटलं. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. लहानपणी आईचा डबा घेऊन गेल्यावर दारातच तो अंगावर यायचा.

मला उजवीकडे टेबल दिलं, त्यावर चित्रं काढायची डिजिटल पाटी, हातात तिची लेखणी. डावीकडे इम्रान माइक घेऊन उभा. मधे सबनीस. मागे भिंतभर पडदा. मी पहिली रेघ ओढली, ती मागे पुरुषभर उंच उमटली आणि हॉल किंचाळला.

आईचं डोकं काढलं, नुरीखालाची वेणी काढली. मधे मालकाची सावली. पोरं आधीच वाक्यं फेकायला लागली होती. बरीचशी इथं लिहिण्यासारखी नव्हती, काही होती. सबनीस मधे उभा राहून दोन्ही हात वर करून त्यांना भडकावत होता. मग त्यानं माइकमध्ये विचारलं, “काकूंच्या डोक्यावर काय पाहिजे?”

“हेल्मेट!” हॉल म्हणाला.

“काय पाहिजे?”

“हेल्मेट! हेल्मेट!”

मी इम्रानकडे बघितलं. त्यानं माइक खाली केला. त्याचे ओठ हलले, आवाज न करता, अगदी मळ्यातल्यासारखे.

“घाल.”

“नाही,” माझे ओठ म्हणाले.

“एकदाच घाल. नंतर पुसू.”

“आपलं ठरलं होतं.”

“लोक बघतायत, वैजू.”

“बघू देत.”

सबनीस आमच्या बरोबर मधे उभा होता. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा इम्रानकडे, आणि दोघांकडे बघून अंगठा दाखवला. त्याला वाटलं आम्ही हसतोय.

“खुळी हाईस काय?” इम्रानचे ओठ. “सगळं हातातनं जाईल.”

“मागं बघ,” मी म्हणाले.

“काय?”

“मागं. पडद्यावर. त्यांची तोंडं बघ.”

तो वळला. मी दुसरी चौकट काढली, तिसरी काढली, थांबले नाही. कागदावर जी तोंडं वाटाण्याएवढी होती ती तिथं दरवाज्याएवढी झाली होती. नुरीखालाचा खालचा ओठ, पुढे आलेला. मग मिटलेला. मग जीभ वरच्या दातांना टेकलेली. इम्रान लहानपणी आईपेक्षा खालाकडे जास्त वाढला होता. ते ओठ त्यानं आयुष्यभर वाचले होते.

चौथ्या चौकटीला तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मग त्यानं मान माझ्याकडे वळवली.

“सोमवारी?” त्याचे ओठ.

मी मान हलवली आणि पाचवी काढली.

“कांडी... भरायची नाही?”

सहावी.

“कुणीच नाही.” हे तो मला विचारत नव्हता, वाचत होता. मग एकदम, “हे खाला म्हणतेय?”

“खालाच म्हणतेय. आई नुसती हो म्हणतेय.”

“संप पुरुषांनी केला होता ना?”

“बायकांनी केला. याच दोघींनी ठरवला. त्याच्या नाकासमोर.”

मी लेखणीचं टोक मालकाच्या सावलीवर टेकवलं. तिथं हात पाठीशी बांधून तो उभा होता, दोन बायकांच्या मधोमध, काहीही ऐकू न येणारा.

हे मी इम्रानला तोवर सांगितलं नव्हतं, कारण मला ते चित्रानं सांगायचं होतं. त्या कारखान्यात बायकांच्या संडासाला दार नव्हतं. पोत्याचा पडदा होता. मालक वर्षभर उद्या लावतो म्हणत होता. एका सोमवारी कांडीवाल्यांनी मशीनपुढे बसून हात मांडीवर ठेवले. शिल्लक कांड्या संपत गेल्या तसे माग एकामागून एक गप्प झाले, आणि दुपारी अख्खा कारखाना मेल्यासारखा थांबला. दुसऱ्या दिवशी दार लागलं. त्या आठवड्यातच नुरीखालाला कामावरून काढलं. इम्रान तेव्हा एवढासा होता. त्याला घरात सांगितलं होतं की खालाला दम्याचा त्रास आहे म्हणून ती काम सोडून आली.

“इम्रान!” सबनीस माइकमध्ये ओरडला. “पब्लिक थांबलंय, भावा! काकू काय म्हणतायत?”

इम्राननं माइक तोंडाशी नेला. हॉल जरा शांत झाला. विनोद लिहिणारा माणूस होता तो. हजार पोरं समोर होती आणि त्याच्या खिशात दहा तरी वाक्यं तयार असणार, हे मला माहीत होतं.

“काही नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“हा फुगा रिकामाच राहणार.”

पोरं हसली. त्यांना वाटलं पुढे काहीतरी येतंय. पुढे काही आलं नाही. हसणं विझलं, मग पाठीमागून एकजण ओरडला, “मग आम्ही काय बघायला आलोय?”

“चित्र,” इम्रान म्हणाला. “तोंडाकडं बघा.”

शिट्ट्या सुरू झाल्या. सबनीस हसत हसत त्याच्याजवळ गेला, खांद्यावर हात टाकला आणि माइक काढून घेतला. मग त्यानं पडदा चालवणाऱ्या माणसाला मान डोलावून खूण केली. त्यांच्याकडे हेल्मेट तयार होतं. चकाकतं, हिरवं, खेळातलं. ते पडद्याच्या वरून तरंगत खाली आलं आणि माझ्या आईच्या डोक्यावर बसलं. हॉलनं टाळ्यांचा कडकडाट केला. दुसरं नुरीखालाच्या वेणीकडे निघालं.

माझ्या पाटीतून एक काळी वायर निघून टेबलाखाली गेली होती. मी ती उपसली.

पडदा काळा झाला. स्पीकरही कुठून तरी त्याच धाग्यात अडकले असावेत, तेही बंद पडले. इतक्या आवाजानंतर अचानक आलेली शांतता कानाला दुखते. पोरांना वाटलं वीज गेली. कुणी फोनचे दिवे लावले.

“चल,” मी इम्रानला म्हणाले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

सबनीसनं आम्हाला मागच्या जिन्यात गाठलं. जॅकेट काढलेलं होतं. तो ओरडला नाही, पुण्याचा माणूस होता.

“तुम्ही काय सोडताय हे तुम्हाला समजतंय का?”

“समजतंय.”

“जोक्स सोडून तुम्हाला कोण ओळखतं? मला एक माणूस दाखवा. आणि त्या बायका... म्हणजे सॉरी, पण कोण लागतात त्या तुमच्या?”

“एक माझी आई,” मी म्हणाले. “एक याची मावशी.”

तो क्षणभर गडबडला. मग खरंच न कळून म्हणाला, “मग तर तुम्हाला अभिमान वाटायला हवा होता. गेममध्ये येणार होत्या.”

“त्यांनी एक कारखाना बंद पाडलाय,” इम्रान म्हणाला. “तुमच्या गेममध्ये येऊन काय करतील?”

“बंद पाडला? कशासाठी?”

“दारासाठी.”

सबनीस आमच्याकडे बघत राहिला. बहुतेक त्याला हा विनोद वाटला आणि तो कळला नाही.

परतीच्या एसटीनं हातकणंगले सोडलं. इम्रान म्हणाला, “नवीन पान उघडू या. वेगळ्या नावानं. तिथं टाकू तुझी गोष्ट, शांतपणे. ज्यांना बघायची ते येतील. ‘रेंज नाय’ आहे तसं चालू दे.”

“नाही. तिथंच टाकायची. रोज नऊला.”

“लोक शिव्या घालतील.”

“ज्यांनी फुगे भरलेत त्यांच्यासमोरच टाकायची.”

“डब्या-झाकण?”

“तुझे आहेत. तू सांग.”

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाला, “डब्याला नोकरी लावू. झाकण एकटा काय खेळणार?”

दुसऱ्या सकाळी नऊला दुसरं पान गेलं. तिसऱ्या सकाळी तिसरं. शिव्या आल्या, इम्रान म्हणाला होता त्याहून जास्त. “काकूंना परत आणा.” “भाव खाताय.” “कोल्हापुरातून पळून गेले ते हेच.” काहींनी त्या पानांचेही फुगे भरून बघितले, पण एक गोष्ट पुढे सरकत असली की फुगा भरणं अवघड जातं. कालच्या पानावर जे घातलं ते आजच्या पानाला बसत नाही. आठवड्याभरात भरणारे थकले. महिन्याभरात निम्मे लोक गेले. राहिले त्यांच्यातल्या एका पोरीनं एके दिवशी खाली लिहिलं, “पाचव्या चौकटीत ती ‘नाही’ म्हणतेय का?” मी तिला उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनंच लिहिलं, “नाहीच म्हणतेय. मी आरशात करून बघितलं.” मग बाकीचे आरशासमोर बसले.

इम्रान या सगळ्यात रोज दुकानातून यायचा, पान बघायचा, एखादा ओठ चुकला तर सांगायचा. लिहायला त्याला काही नव्हतं. तो कुरकुरला नाही, पण खुर्चीत बसून बोटं मोडत राहायचा. बत्तिसाव्या पानावर मी थांबले. ते सोमवारच्या दुपारचं पान होतं. शेवटचा माग थांबलेला. सगळा कारखाना उभा. आवाज नाही, म्हणजे आता फुग्यात अक्षरं यायलाच हवीत. गोष्टीतलं पहिलं ऐकू येणारं वाक्य.

“हे तुझं काम,” मी म्हणाले.

पान जायला अजून दोन दिवस होते, तेवढ्यात तो वाक्यं आणत राहिला. पहिलं विनोदी होतं. चांगलं होतं, मीही हसले आणि नको म्हणाले. मग भाषण आणलं, हक्क वगैरे. मी म्हणाले, “तुझी खाला अशी बोलते?” तो चिडला, गेला. पान तयार, फुगे रिकामे, आणि दुसऱ्या दिवशीचे नऊ जवळ येत होते. पहिल्यांदाच आमचा एक दिवस चुकणार असं दिसत होतं.

त्या संध्याकाळी तो नुरीखालाकडे जेवायला गेला. तिला त्यानं काय विचारलं मला माहीत नाही. परत आला तेव्हा हातात कागद नव्हता. माझ्या शेजारी बसला, पडद्यावरच्या माझ्या आईकडे बोट केलं आणि म्हणाला, “ही घाबरलेली आहे, बरोबर? इतकी वर्षं मोठ्यानं बोलली तरी कुणाला कळायचं नाही. आता सगळं कळणार.”

“हो.”

“मग लिही.”

त्यानं सांगितलं आणि मी अक्षरं काढली. मालक दोघींच्या मधे उभा होता, पहिल्यांदाच त्यांच्याकडे तोंड करून.

आईच्या फुग्यात: “नुरे, हळू बोल. आता त्याला ऐकू येतंय.”

आणि नुरीखालाच्या फुग्यात: “म्हणून तर बोलतेय.”